बुलेट, स्प्लेंडर की ड्यूक: कुणाला काय भावतं आणि का

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी पिथमपूरला नोकरीला लागली. सुदामानगरहून रोज जाऊन-येऊन करणार. तिला स्कूटर नको, मोटरसायकलच हवी. तुमचे यजमान म्हणतात, स्प्लेंडर घे, डोक्याला ताप नाही. दीर म्हणतात, घ्यायची तर बुलेट, बाकी सगळी खेळणी. पुतण्या केटीएमच्या ड्यूक २०० शिवाय दुसरं नाव घेत नाही. मुलीची उंची पाच फूट दोन इंच. तिघंही इतक्या खात्रीने बोलतात की खरं कुणाचं मानायचं, आणि दोन चाकं नि एक इंजिन असलेल्या वस्तूत तिघांना तीन वेगळी सुखं दिसतात तरी कशी, असं तुम्ही विचारलंय.

तिघंही खरं बोलतायत. फक्त प्रत्येक जण स्वतःच्या रस्त्याबद्दल बोलतोय, तुमच्या मुलीच्या नाही.

माझं इंदूरमध्ये जुनं गॅरेज आहे. सकाळी सांवेरकडून येणाऱ्या दूधवाल्यांच्या गाड्या येतात, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांच्या, सोमवारी तर हमखास रविवारी जामगेटला पळवून आणलेल्या. इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की माणसाला गाडी भावते ती तिच्या कमाल वेगासाठी नाही, आणि दिसण्यासाठी म्हणाल तर पहिले दोन-तीन महिनेच. रोज तो ज्या वेगात, ज्या गिअरमध्ये, जेवढं ओझं घेऊन चालतो, त्या पट्ट्यात जी गाडी खुशीत चालते ती त्याला आवडते. ‘का आवडते’ विचारलं तर तो पिकअप, एव्हरेज, लूक असलं काहीतरी सांगेल. पण चावी हातात घेऊन त्याच्याबरोबर एक चक्कर मारली की खरं कारण कळतं.

पिथमपूरला नॅट्रॅक्सचा टेस्ट ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा गोल, २०२१ मध्ये सुरू झाला. गाडी किती पळते हे पाहायला ती जागा उत्तम. तुमची मुलगी मात्र त्या कुंपणाच्या बाहेरून, राऊच्या चौकातल्या ट्रकांमधून वाट काढत कामावर जाणार आहे. तेव्हा कागदावरचे आकडे वाचताना मी नेहमी एकच गोष्ट बघतो: ताकद किती आहे यापेक्षा ती कुठे मिळते.

एक उदाहरण देतो, ते समजलं की दीर आणि पुतण्याचं भांडण अर्धं मिटेल. आजच्या क्लासिक ३५० चा (रॉयल एनफिल्डचीच, बुलेटची बहीण) पिस्टन, म्हणजे इंजिनातला खालीवर धावणारा दट्ट्या, आणि ड्यूक २०० चा पिस्टन शेजारी ठेवून मोजले तर दोन्हींचा व्यास ७२ मिलिमीटर. अगदी सारखा. फरक आहे तो पिस्टन सिलिंडरमध्ये किती लांब धावतो यात. क्लासिकमध्ये तो ८५.८ मिलिमीटर खालीवर होतो, ड्यूकमध्ये फक्त ४९. या धावेला स्ट्रोक म्हणतात. लांब स्ट्रोकचं इंजिन सावकाश फिरतं पण प्रत्येक ठोक्याला भरपूर जोर देतं: क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४,००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या) हजर असतो. आखूड स्ट्रोकचं इंजिन भराभर फिरू शकतं, म्हणून ड्यूकची २५ पीएस, म्हणजे साधारण २५ घोड्यांची, ताकद १०,००० आरपीएमला येते आणि टॉर्कही ८,००० च्या आसपास. क्लासिकची ताकद २० च्या घरात, म्हणजे कागदावर ड्यूक जिंकली. पण पलासियाच्या सिग्नलजवळ रांगत आल्यावर तिसऱ्याच गिअरमध्ये, क्लचला हात न लावता पुढे ओढायला सांगा. क्लासिक धक-धक करत निघेल. ड्यूक कुरकुरेल, चेन ओढेल, तुम्हाला खालचा गिअर टाकायला लावेल.

आता दिरांना ते कुरकुरणं म्हणजे गाडीत दम नाही असं वाटतं. पुतण्याला तेच आमंत्रण वाटतं. तो गिअर खाली टाकतो, सुई वर चढते, सात हजारांच्या पुढे आवाज बदलतो आणि गाडी एकदम सुटते. त्याचं सगळं सुख त्या शेवटच्या तीन हजार आरपीएममध्ये आहे. बुलेटवर बसवलं तर तो म्हणेल, ही जागीच होत नाही. दिरांचा पट्टा चाळीस ते साठच्या मध्ये, बहुतेक वरच्या गिअरमध्ये. तिथे ड्यूक झोपलेली असते आणि बुलेट पूर्ण जागी. दोघांची गाडी बदलून एक आठवडा चालवायला द्या, दोघंही वैतागून परत करतील.

दिरांची बुलेट जुनी आहे, उजव्या पायाला गिअर असलेली, असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांच्या प्रेमात आणखी एक गोष्ट आहे, जी क्लासिक घेणाऱ्याला कळणार नाही. ती गाडी सुरू करायची पद्धत त्यांना तुमच्यासमोर करायला लावा. चावी फिरवायची, किक हळू दाबत जायचं आणि टाकीच्या पुढे हेडलाइटच्या घरात बसवलेल्या अ‍ॅम्पिअर मीटरच्या सुईवर नजर ठेवायची. सुई उणेकडे झुकते, मग ठिणगी पाडणारा पॉइंट उघडला की मध्यावर येते. तिथे थांबायचं. डाव्या हाताला डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, छोटा लिव्हर असतो, तो दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे न्यायचा. लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग जोर न लावता, पूर्ण वजन टाकून एकच किक. जमलं तर पहिल्या किकला सुरू. चुकलं तर उलटी किक पिंडरीवर अशी बसते की पुन्हा घाई करावीशी वाटत नाही. ही कला हातात यायला वेळ लागतो, आणि ज्याला आली त्याची ती गाडी दुसऱ्या कुणाला सहज सुरू करता येत नाही, यातच मालकाचा निम्मा अभिमान. गाडी अवघड असणं हा तिचा दोष आहे असं मी-तुम्ही म्हणू, बुलेटवाला म्हणणार नाही. म्हणूनच आधी सेल्फ आला तेव्हा, आणि पुढे २०२१ च्या क्लासिकमध्ये इंजिनाची थरथर मारणाऱ्या बॅलन्सर शाफ्टने हातापायाच्या मुंग्या घालवल्या तेव्हाही, जुने लोक म्हणाले ‘ती मजा नाही राहिली’. गाडी सुधारली होती. त्यांना भावलेली गोष्ट निघून गेली होती, इतकंच.

आवाजाचं तेच. फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. एक हजार आरपीएमला उभी असलेली गाडी म्हणजे सेकंदाला आठेक ठोके, आणि जुनी बुलेट नीट लावलेली असेल तर त्याहून कमी. जड फ्लायव्हीलमुळे ती इतक्या खाली फिरूनही बंद पडत नाही. ठोका वेगळा ऐकू येतो म्हणून माणसाला ते इंजिन जिवंत वाटतं. हा खरा आवाज. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून फटाके फोडणारा जो आवाज आहे त्याचा इंजिनाशी काही संबंध नाही, आणि माझ्याकडे असला सायलेन्सर लावून मिळत नाही. ‘भिया, लगा दो ना’ म्हणत पोरं येतात, मी परत पाठवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसन्सही तीन महिने जातं. शिवाय शेजारच्या घरात म्हातारं माणूस असतं.

आता यजमानांची स्प्लेंडर. घरात तिची सगळ्यात जास्त चेष्टा होत असणार, म्हणून जरा जास्त बोलतो.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, त्याच ९७.२ सीसीच्या घराण्यातली, आणि तेव्हापासून माझ्यासारख्या मिस्त्र्यांचं पोट काही अंशी तिच्यावर चालतं, काही अंशी तिच्यामुळेच रिकामं राहतं, कारण ती बिघडत नाही. वजन ११२ किलो. ताकद आठ पीएसच्या आसपास. यात आवडण्यासारखं काय आहे, असं ड्यूकवाल्या पोराला वाटतंच.

त्याला सांवेर-देपालपूरकडच्या दूधवाल्याची गाडी दाखवायला हवी. दोन्ही बाजूंना कॅन, गळ्यात मफलर, सीटवर पोतं. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंग जाड तारेच्या घातलेल्या, कॅन अडकवायला लोखंडी घोडी वेल्ड केलेली, चेनचं मागचं दातेरी चक्र दोन दात मोठं बसवलेलं म्हणजे ओझ्यासकट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढ मिळते. कमाल वेग कमी होतो, पण त्याला त्याची गरजच नाही. तो तीस-पस्तीसच्या वर जात नाही, गेला तर दूध हिंदकळतं. जानेवारीत पहाटे चारला गाडी सुरू झाली पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीत मडगार्ड भरून चाक अडलं तर हाताने मागे ओढता आली पाहिजे. टायमिंग चेन वाजायला लागली तर गावातल्या गावात सुटा भाग मिळाला पाहिजे आणि दुपारपर्यंत गाडी परत हातात आली पाहिजे. या माणसाच्या पट्ट्यात स्प्लेंडरइतकी खुशीत चालणारी गाडी मी पाहिलेली नाही. तो गाडीवर कविता करणार नाही, पण पुढची गाडीही तीच घेईल. कंपनीला याहून मोठं प्रेम दुसरं कुठलं हवंय?

यजमानांचं कारण थोडं वेगळं असेल. ऑफिस, भाजी, मुलांची शाळा, असं सगळं ज्याने एका गाडीवर केलं त्याला गाडीने लक्ष वेधून घेणंच नको असतं. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरसारख्या गाड्यांना एक खाली, बाकी वर. वर्षानुवर्षं पायाला एक सवय लागली की दुसऱ्या गाडीवर माणूस नवशिक्यासारखा अडखळतो आणि ‘ही गाडी काही बरोबर नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. गाडीबद्दलच्या कितीतरी ठाम मतांच्या मुळाशी एवढंच असतं.

यामाहाच्या आरएक्स १०० चा विषय तुम्ही काढला नाहीत, पण कुणीतरी काढेलच, कारण इंदूरमध्ये मोटरसायकलवर दहा मिनिटं बोलणं झालं आणि आरएक्स आली नाही असं होत नाही. १९८५ ते १९९६ एवढंच तिचं आयुष्य. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ घोड्यांची ताकद आणि वजन १०३ किलो. स्प्लेंडरपेक्षा हलकी आणि तीन घोडे जास्त. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, म्हणून छोट्या इंजिनातून इतकी उसळी निघते. आणि ती उसळी बरोबर शहराच्या वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, दोन सिग्नलच्या मधल्या अंतरात मिळते. कमाल वेग आजच्या कुठल्याही दीडशे सीसीपुढे टिकणार नाही, तरी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते खोटं नाही. तिचं उत्पादन बंद झाल्यावर जन्मलेली पोरं आज तिच्यासाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजतात. त्यातली बरीचशी नक्कल पार्ट घातलेली आणि चेसिस नंबर घासलेली असतात. छंदासाठी, ओळखीच्या माणसाकडून, कागद पारखून घ्यायची असेल तर जरूर घ्या. पिथमपूरला रोज जायला नाही.

आता शरीराकडे येऊ. मुलीच्या बाबतीत खरा निर्णय इथे होणार आहे आणि घरातले तिन्ही पुरुष नेमकं हेच विसरलेत, कारण त्यांचे पाय जमिनीला पोचतात.

शोरूमवाला सीटची उंची सांगेल. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, एनफिल्डच्याच हंटर ३५० ची ७९०, क्लासिकची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५. पाच फूट दोनच्या मुलीला यातल्या कुठल्याही गाडीवर दोन्ही तळवे सपाट टेकणं कठीण आहे, आणि तशी गरजही नाही. पण नुसता आकडा फसवा असतो. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे ते बघा. रुंद सीट मांड्या बाजूला ढकलते, मग ७९० ची गाडी ८१० सारखी लागते. पुढे निमुळती असेल तर उलट. त्यात शॉकअप माणसाच्या वजनाने किती दबतो तेही धरा. बारीक मुलगी बसली तर कडक स्प्रिंग दबतच नाही आणि गाडी आहे तेवढीच उंच राहते. सुरुवातीच्या हंटरची मागची बाजू अशीच कडक होती. २०२५ मध्ये त्यात नव्या स्प्रिंग आल्या आणि क्लचही हलका झाला. ज्या बाईला रोज राऊच्या कोंडीत शंभर वेळा क्लच दाबायचा आहे तिच्यासाठी हा बदल रंगरूपापेक्षा कितीतरी मोठा आहे.

वजनाची भीती बहुतेकांना चुकीच्या जागी वाटते. चालत्या गाडीत १८१ किलो काय नि १५० काय, फार फरक जाणवत नाही. गाडीवरून उतरल्यावर जाणवतो. पार्किंगमध्ये उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ढकलून काढणं, चिखलात साइड स्टँडवरून उचलणं, पंक्चर झाल्यावर दुकानापर्यंत लोटत नेणं. पंक्चरवरून सांगतो: तारांची चाकं दिसायला देखणी, पण बहुतेक गाड्यांत त्यात ट्यूब असते. खिळा लागला की हवा पटकन जाते आणि चाक सोडवल्याशिवाय गत्यंतर नाही. अलॉयवर ट्यूबलेस टायर असेल तर मुलगी हळूहळू घरी तरी पोचते. एकटीने, संध्याकाळी, पिथमपूरच्या रस्त्यावर हा फरक लाखमोलाचा.

बसायची पद्धतही भावण्याचा मोठा भाग आहे आणि ती अंगाला दहा मिनिटांत नाही, चाळिसाव्या मिनिटाला कळते. ड्यूकवर हँडल रुंद, पाय किंचित मागे, अंग पुढे झुकलेलं. चोरलच्या घाटात, भेरूघाटाच्या वळणांवर ही बैठक स्वर्ग आहे. गाडी नुसती बघाल तिकडे वळते, कारण चाकं १७ इंची, वजन दीडशेच्या आसपास आणि दोन चाकांमधलं अंतर आखूड. क्लासिकचं पुढचं चाक १९ इंची. ती वळायला क्षणभर वेळ घेते, पण सरळ रस्त्यावर ट्रक शेजारून गेला तरी फारशी हलत नाही. एकाला जे ‘चपळ’ वाटतं ते दुसऱ्याला ‘अस्थिर’. एकाचं ‘भक्कम’ दुसऱ्याचं ‘जड’. मुलगी आठवड्याला पाच दिवस राऊवरून जाणार आणि महिन्यातून एखाद्या वेळी घाटात. पट्टा कुठला ते उघड आहे.

आणि मागे कोण बसणार? तुम्ही. शनिवारी राजवाड्यावर किंवा रामबागेत माहेरी जायचं असेल तर तुम्हीच. ड्यूकची मागची सीट आधी बसून बघा. उंच, निमुळती, पाय दुमडलेले, आणि धरायला नीट जागा नाही. तुम्ही साडी नेसता, म्हणून सांगतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकेल असं कपड्यांसाठी संरक्षण हवं. पोरं शोरूममधून बाहेर पडताच साडीगार्ड काढून टाकतात, लूक बिघडतो म्हणे. पदर चेनमध्ये गेलेल्या बाईला उचलून आणलेलं ज्यांनी पाहिलंय ते असं म्हणत नाहीत.

मित्रमंडळाचाही एक पट्टा असतो, तो लवकर सांगून टाकतो. रविवारी पहाटे निघायचं, जामगेटच्या दगडी कमानीखाली फोटो काढायचा, खाली नर्मदेकडे महेश्वरला उतरायचं, पोहे खाऊन परतायचं. बरोबरच्या दहांकडे बुलेट असेल तर अकराव्याला दुसरी गाडी आवडणं कठीण. त्यात वाईट काही नाही. एकाचा पार्ट दुसऱ्याला चालतो, वाटेत गाडी बंद पडली तर सोबत असते. तुमच्या मुलीच्या ऑफिसात कोण काय चालवतं हे मात्र विचारून ठेवा. तिच्यावर घरच्या तिघांपेक्षा त्यांचा परिणाम जास्त होणार आहे.

जाता जाता, ती ज्या पिथमपूरला निघाली आहे तिथे दुचाकींचा मोठा इतिहास आहे. कायनेटिक होंडा तिथेच बनायची, पुढे तो कारखाना महिंद्राकडे गेला आणि २०१८ मध्ये परत आलेली जावा आज तिथेच तयार होते. म्हैसूरच्या जुन्या जावा-येझदीला किकचाच दांडा गिअरचंही काम करायचा. वडिलांनी ती चालवलेली असेल तर नव्या जावाची टाकी बघून माणूस विरघळतो. विरघळा, पण पैसे देण्याआधी आपल्या भागात तिचं सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे आणि पार्ट किती दिवसांत मिळतो ते विचारा.

तर मुलीसाठी माझं मत. सुदामानगर ते पिथमपूर म्हणजे एका बाजूने पंचवीस-तीस किलोमीटर, त्यातला मोठा भाग जड वाहनांचा. स्प्लेंडर तिथे जाईल, रोज हजारो जातातच. पण पासष्ट-सत्तरच्या पुढे तिच्याकडे हातचं राखलेलं काही उरत नाही, आणि ट्रकच्या पुढे निघायचं असतं तेव्हा नेमकं तेवढंच लागतं. त्याहून मोठं कारण ब्रेकचं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम न होऊ देणारी सोय) सक्तीचं आहे, स्प्लेंडरला पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस असते. पहिल्या पावसात डिझेल सांडलेल्या रस्त्यावर नवशिक्या हाताने ब्रेक दाबला तर मला तिच्या चाकात एबीएस हवं आहे. यजमानांना सांगा, त्यांची गाडी वाईट नाही, तिचा रस्ता वेगळा आहे.

ड्यूक मी तिला दोन वर्षांनी देईन. आज तिचा पट्टा खालचा आहे, आणि मे महिन्यात कोंडीत रेडिएटरची गरम हवा मांड्यांवर येते तेव्हा शौक लवकर उतरतो. क्लासिक चालेल, पण उंची आणि १९५ किलो वजन एकत्र येतं. माझ्या यादीत दोन नावं राहतात. एक हंटर ३५०, दुसरी टीव्हीएस रोनिन. रोनिनचं इंजिन २२५ सीसीचं, सीट ७९५ मिलिमीटर, वजन १६० किलो, आणि तिचा टॉर्क ३,७५० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे बरोबर राऊच्या चौकाच्या वेगात. हंटरमध्ये दिरांना आवडेल असा ठोका आहे, रोनिन ढकलायला हलकी आहे. ३५० सीसीच्या वर जाण्यात सध्या तसाही अर्थ नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के झालाय.

दोन्हींपैकी कोणती, हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नका ठरवू. शोरूमवाला कॉलनीत एक चक्कर मारून आणेल, त्याला नाही म्हणा. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला राऊपर्यंत जाऊन यायला गाडी मागा. देत नसतील तर दुसरा डीलर बघा. काका-बाबा-भाऊ कुणी बरोबर नको, ती एकटी चालवू दे. परत येताना अर्ध्या वाटेवर तुम्ही मागे बसा. गाडी बंद करून तिला उताराकडून मागे ढकलायला लावा, साइड स्टँडवर लावून उचलायला लावा. परत आली की ‘कशी वाटली’ विचारू नका, सगळ्याच नव्या गाड्या छान वाटतात. मनगट दुखलं का, गिअर किती वेळा बदलावा लागला, ट्रकच्या मागे अडकल्यावर कसं वाटलं, एवढंच विचारा. गिअर बदलायची कटकट वाटली तर तिचा पट्टा दिरांचा आहे. गिअर बदलण्यातच मजा आली म्हणाली तर पुतण्याची शिष्या तयार झाली समजा, आणि मग पुन्हा बोलू.

त्याआधी एक काम आजच करा. तिने लायसन्स स्कूटीवर काढलं असेल तर त्यावर ‘गिअरशिवाय’ असा प्रकार लिहिलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर मोटरसायकलसाठी गिअरवाल्या गाडीचा प्रकार वेगळा जोडून घ्यावा लागतो, त्यासाठी आधी लर्निंग आणि मग टेस्ट. ते नसताना गाडी चालवली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीचं बुकिंग त्यानंतर.